ट्रॉलीच्या वाटेतला झोपाळा

वाघोडियाच्या एका चालत्या कारखान्यातला झोपाळा मी काढायला लावला. झोपाळा रिकामा नव्हता. कारखान्याचे थोरले मालक त्यावर बसत असत, आणि ते बसलेले मला रोज दिसत होते. तरी मी काढायला लावला. नकाशात त्या जागेभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढलं आणि बाजूला ‘अडथळा’ असं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे तो शब्द लांबूनही वाचता येत होता.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी हाच धंदा केला. धंदा काय, हे सांगणं मला कधी नीट जमलं नाही. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, “आपण नक्की काय करता?”

“कारखाना कसा चालवावा, हे कारखानदारांना सांगतो.”

“आपला कारखाना आहे?”

“नाही.”

“आधी होता?”

“नाही.”

त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. लग्न झालं ते सासूबाईंमुळे.

वाचकांनी पेपर तोंडासमोर धरण्याआधी थोडं सांगतो. कारखान्यात माल येतो, फिरतो, घडतो आणि बाहेर पडतो. मध्ये कुठेतरी तो उगाच पडून राहतो, कुठे उगाच हेलपाटे घालतो, कुठे एक माणूस दुसऱ्याची वाट बघत तंबाखू मळत बसतो. आतल्या माणसांना हे दिसेनासं होतं. घरात दार जिथे अडकतं तो कोपरा जसा घरच्यांना दिसत नाही, पाहुण्याच्याच गुडघ्याला लागतो, तसं. आम्ही म्हणजे तो पाहुणा. गुडघ्याला कुठे लागलं ते मालकाला सांगायचं आणि त्याबद्दल बिल पाठवायचं. याला सल्लागार म्हणतात.

हे काम मी ज्यांच्याकडे शिकलो त्या दिघेसाहेबांचं ऑफिस मांडवीजवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली दिवसभर भांड्यांवर नावं घालायची टकटक चाले, आणि त्या तालावर वर आम्ही गुजरातच्या उद्योगांना शिस्त लावत असू. आम्ही म्हणजे दिघेसाहेब, एक टायपिस्टबाई आणि मी. दिघेसाहेबांचे आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात होते. त्यामुळे घाई ही गोष्ट त्यांच्या घराण्यातच नव्हती. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, आणि माझ्याशी बोलताना दोन्हींची मिसळ.

“तांबे, शांति राख,” ते म्हणत. “पहिलं बघ. पछी विचार. पछी परत बघ. बोलायचं सगळ्यात शेवटी, तेही कोणी विचारलं तर.”

मी इंजिनियर होतो, नुकताच पास झालेला. माझा क्रम नेमका उलटा होता.

सुरुवातीला त्यांनी मला एक स्टॉपवॉच दिलं. ते गळ्यात अडकवून मी एका लेथवाल्याच्या पाठीशी उभा राहिलो. त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मग त्याचा हात असा काही संथ झाला की बघत राहावं. मध्येच त्याने फडक्याने लेथ पुसली, तिला नमस्कार केला, पाणी प्यायला, पुन्हा नमस्कार केला. माझ्या हिशोबाने त्या कारखान्यात एक नट तयार होईपर्यंत माणूस सुरतेला जाऊन परत आला असता. दिघेसाहेबांनी माझा कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“घड्याळ खिशात ठेवायचं असतं, तांबे. गळ्यात हार घालतात.”

दुसरी विद्या दोऱ्याची. ती मला फार आवडली, अजून आवडते. कारखान्याचा नकाशा लाकडी फळीवर ताणून बसवायचा. जिथे जिथे माल थांबतो तिथे टाचणी टोचायची. मग माल जसा फिरतो तसा एका टाचणीवरून दुसरीवर दोरा न्यायचा. भट्टीपासून लेथ, लेथपासून स्टोअर, स्टोअरपासून जोडणी. दिवसभराचे दोरे ताणले की फळीवर जाळं तयार होतं, आणि जिथे दोऱ्यांचा गुंता, तिथे कारखान्याचं दुखणं. आता हे सगळं पडद्यावर आपोआप उमटतं, रंगांसकट. पण बोटाला दोरा काचल्याशिवाय मालाचं फिरणं अंगात उतरत नाही, असं माझं मत आहे. ते आता कोणी विचारत नाही, म्हणून दिघेसाहेबांच्या नियमात बसतं.

दोरे मी आईच्या शिवणाच्या डब्यातून नेत असे. “कारखान्याला स्वतःचा दोरा परवडत नाही का?” आई विचारी. एकदा तिने भावाच्या सदऱ्याला लाल दोऱ्याने पांढरं बटण लावलं, कारण पांढरा दोरा त्या वेळी एका साबणाच्या कारखान्याचा गुंता सोडवत होता.

तर, वाघोडिया. तिथल्या औद्योगिक वसाहतीत दोन भावांचा व्हॉल्वचा कारखाना होता. व्हॉल्व म्हणजे आपल्या मोरीतल्या नळाचा थोरला भाऊ. मोठ्या रासायनिक कारखान्यांत मांडीएवढ्या जाड नळ्या असतात, त्यांतून काय वाहतं ते न विचारलेलं बरं. ते अडवायचं आणि सोडायचं काम व्हॉल्वचं. कारखान्याचे धाकटे मालक किरीटभाई आम्हाला बोलवायला माडी चढून स्वतः आले. गोरे, घामेजलेले, हातात चामड्याची बॅग. त्यांना एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर मिळाली होती. असे कारखाने वर्षातून एकदा पूर्ण बंद ठेवून आतली दुरुस्ती करतात. व्हॉल्व बदलायचे ते त्या बंदच्या दिवसांत. माल तेव्हा पोचला तर पोचला. नाही पोचला तर त्या वर्षी कोणी घेत नाही, आणि पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही.

“मारे बधुं मॉडर्न करवुं छे,” किरीटभाई म्हणाले. सगळं आधुनिक करायचंय.

दिघेसाहेबांनी मला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलं. रोज सकाळी स्कूटरवर फळी आडवी बांधून मी वाघोडिया रस्त्याने निघे. तेव्हा शहर लवकर संपायचं. मग कडुलिंब, शेतं, ऊन, आणि एका वळणावर सेवउसळीची गाडी. ती गाडी लागली की माझ्या स्कूटरचा वेग आपोआप कमी होई. वेळेच्या अपव्ययाचा मी तज्ज्ञ होतो, पण हा अपव्यय मी कधी नोंदवला नाही.

कारखान्यात शिरल्यावर पहिली नजर जाई ती झोपाळ्यावर. स्टोअर आणि जोडणी विभाग यांच्यामध्ये एक रुंद बोळ होता. तिथे छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीला चार कड्या अडकवून सागवानी फळीचा चांगला ऐसपैस झोपाळा टांगलेला, आणि त्यावर पांढरा झब्बा-लेंगा घातलेले रमणभाई. त्यांना सगळे मोटाभाई म्हणत. त्यांचं पूर्वी मांडवीत लोखंडी सामानाचं दुकान होतं. धाकट्याला शिकवलं ते त्या दुकानावर. धाकट्याने कारखाना काढला तेव्हा दुकान बंद करून मोटाभाई इथे आले, आणि येताना आपली बसायची सवय घेऊन आले. गुजराती घरात हिंचका असतोच. कारखान्यात मी पहिल्यांदा पाहिला.

ते दिवसभर हलके झोके घेत. स्टोअरमधून मालाची ट्रॉली आली की पाय टेकून झोपाळा थांबवत, ट्रॉली त्यांना वळसा घालून गेली की पाय पुन्हा सुटे. येणारा-जाणारा क्षणभर थबके.

“केम छो, शनाभाई?” मोटाभाई स्टोअरकीपरला विचारत.

“बस, शांति छे. पेला सळिया खूटवा आव्या.” त्या सळया संपत आल्यात.

“सारुं, सारुं. छोकरीनो ताव उतर्यो?” मुलीचा ताप उतरला?

“उतर्यो.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि माझ्या निरीक्षणाच्या कागदावर ‘गप्पा’ या सदरात टाकलं.

आठवडाभराने फळीवर दोरे ताणले. सगळे दोरे त्या बोळात येऊन एका ठिकाणी धनुष्यासारखे वाकत होते. इतकं स्वच्छ दुखणं मला पुढे आयुष्यात कधी सापडलं नाही. मी लाल वर्तुळ काढलं.

दिघेसाहेबांनी फळी उभी करून पाहिली.

“इथे काय आहे?”

“झोपाळा, सर.”

“त्यावर कोण बसतं?”

“थोरले मालक.”

“ते काय करतात?”

“काही नाही, सर. झोके घेतात.”

“तू बसलास?”

“मी? नाही.”

“मग ते वर्तुळ खोड. जा, परत बघ. मी सुरतेहून आल्यावर बोलू.”

ते सुरतेला गेले आणि दुसऱ्याच दिवशी किरीटभाई माडी चढून आले. रिपोर्ट झाला का म्हणाले. मी म्हणालो, साहेब नाहीत. ते म्हणाले, नुसतं बघू. मी फळी त्यांच्यापुढे ठेवली. वर्तुळ खोडलेलं नव्हतं, कारण लाल पेन्सिल नीट खोडली जात नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे मला ते फार सुंदर वाटत होतं.

किरीटभाई वर्तुळाकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “आ तमे लख्युं? तमारी जाते?” स्वतःहून लिहिलंत?

“स्वतःहून,” मी म्हणालो. छाती पुढे आली होती.

“तो एक काम करो. तमारी सहीथी आपो.”

माझ्या सहीने द्या. मला वाटलं, माणूस गुणग्राहक आहे. मी टायपिस्टबाईंना पान टाईप करायला लावलं आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी कधी सल्ला विकत घेत नाही, तोंड विकत घेतं. भावाला जे स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही, ते सांगायला तिऱ्हाईत हवा असतो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मला ते समजलं तेव्हा झोपाळा उतरला होता.

सुट्टीच्या दिवशी तो उतरवला. दुसऱ्या दिवशी मोटाभाई नेहमीसारखे आले. बोळात उभे राहिले. वर कैचीकडे पाहिलं. तिथे चार कड्यांच्या जागी घासून चकचकीत झालेले चार पट्टे होते. मी नकाशाची गुंडाळी घेऊन शेजारीच उभा, शाबासकीची वाट बघत.

“हवे ट्रॉली सीधी जशे?” आता ट्रॉली सरळ जाईल?

“हो, मोटाभाई. एकदम सरळ.”

“तो सारुं,” ते म्हणाले. थोडा वेळ ते किरीटभाईंच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसले. खुर्चीला हलायची सोय नव्हती, आणि त्यांच्या पायांना ते कळत नव्हतं. पाय जमिनीवर आपले पुढे-मागे घासत होते. दुपारी घरी गेले. मग एक दिवसाआड येऊ लागले, मग आलेच नाहीत.

झोपाळ्याऐवजी मी तीन रंगांच्या चिठ्ठ्या सुरू केल्या होत्या. कोणता माल कमी आहे, कोणाला काय हवं, हे चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. डबाही मीच रंगवून घेतला होता. आठवड्याने उघडला तर आत एकच चिठ्ठी निघाली. तिच्यावर कोणीतरी माझं चित्र काढलं होतं. नाक अतिशय बरोबर होतं.

आणि ऑर्डर अडकली. व्हॉल्वचे बाहेरचे भाग तयार होऊन रांगेने उभे, पण आतला दांडा, ज्याने व्हॉल्व उघडतो-मिटतो, तो नाही. दांड्याच्या सळयाच संपल्या होत्या. त्या मागवल्या तोवर जोडणीवाले रिकामे बसले. सळया आल्या तर लेथवाल्यांनी भलत्याच मापाचं काम आधी चढवलेलं. पूर्वी हे कधी झालं नव्हतं. झालं असतं तर त्यांना माझी गरज आधीच पडली असती. किरीटभाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी ‘मॉडर्न’ हा शब्द एकदाही वापरला नाही.

दिघेसाहेब सुरतेचं लांबलेलं काम आटोपून तेव्हाच परतले होते. माझ्या सहीचं पान त्यांनी वाचलं. मला वाटलं, आता नोकरी जाणार. त्यांनी पान घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चाल. स्कूटर काढ. फळी नको.”

वाघोडियाला त्यांनी मला त्या बोळात नेलं आणि जिथे वर्तुळ होतं तिथून चार हात बाजूला, भिंतीला टेकून उभं केलं. “काही लिहू नको. कोणाशी बोलू नको. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभा राहा.” आणि स्वतः किरीटभाईंकडे चहा प्यायला गेले.

बराच वेळ काहीच घडलं नाही. मग स्टोअरमधून ट्रॉली आली. मोकळा बोळ, सरळ वाट, माझ्या नकाशातल्या नव्या दोऱ्यासारखी. ट्रॉलीवाला अर्ध्यावर आला आणि त्याने ट्रॉली वळवली. रिकाम्या जागेला व्यवस्थित वळसा घातला आणि पुढे गेला.

मी डोळे चोळले. दुसरी ट्रॉली आली. तीही वळली. एक फिटर आला, त्या जागेपाशी त्याचा पाय मंद झाला, तोंड किंचित उघडलं, मग मिटलं आणि तो चालू लागला. शनाभाई आले. तेही थबकले. त्यांनी वर कैचीकडे बघितलं आणि निघाले. मला उभं राहून पायाला मुंग्या आल्या तोवर निम्मा कारखाना त्या नसलेल्या झोपाळ्यापाशी थांबून, काहीतरी सांगायचं गिळून पुढे गेला होता.

दिघेसाहेबांनी बोलू नको म्हटलं होतं, पण मला राहवलं नाही. मी शनाभाईंना गाठलं. “सळया संपत आल्यात, हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?”

“कोने कहुं, साहेब?” ते म्हणाले. कोणाला सांगू? त्यात राग नव्हता. खरोखरच विचारत होते.

परतताना रस्त्यात मी दिघेसाहेबांना म्हणालो, “सर, मी आज मोटाभाईंकडे जातो आणि माफी मागतो.”

“अजिबात नको,” ते मागून माझ्या कानात ओरडले. वारा फार होता. “माफी मागितलीस तर तो मोठा माणूस तुला माफ करून टाकेल, चहा पाजेल, आणि विषय संपेल. तू विचार. तुला तिकडे विचारायला पाठवतोय.”

मोटाभाईंचं घर घडियाळी पोळेच्या गल्लीत, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. संध्याकाळी गेलो. घरच्या हिंचक्यावर ते बसले होते. कारखान्यातली सागवानी फळी मागच्या भिंतीला टेकून उभी होती, तिच्यावर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता. त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं नाही, समोरची खुर्ची दाखवली. लीलो चेवडो आला, बटाट्याचा ओला चिवडा.

“मोटाभाई, एक विचारायचं होतं. कारखान्यात तुम्ही दिवसभर झोपाळ्यावर बसून काय करत होता?”

मला वाटलं होतं, आता ते मला कारखाना चालवायचं गुपित सांगतील. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. चेवड्यातला मनुका काढून बाजूला ठेवला.

“कंई नहीं,” ते म्हणाले. “बेसी रहेतो.” नुसता बसत होतो. मग म्हणाले, “किरीटनी वात साची छे. त्याचं बरोबर आहे. काही कामाचं नव्हतं ते. दुकान गेल्यावर कुठे बसावं तो प्रश्न होता, म्हणून तिथे बसलो. त्याने मला कधी ऊठ म्हटलं नाही. हे पण त्याने नाही म्हटलं, तुम्ही म्हटलं.” मांडवीत दुकान चालवल्याने त्यांना मराठी येत होतं, आणि ही वाक्यं त्यांनी मुद्दाम माझ्या भाषेत सांगितली असावीत.

मी दिघेसाहेबांचा दुसरा नियमही मोडला. कोणी विचारलं नसताना बोललो. “मोटाभाई, ट्रॉली अजून वळते.”

“शुं?”

“तुमचा झोपाळा नाही तिथे. पण ट्रॉली अजून त्याला वळसा घालून जाते. मी आज सकाळभर बघितलं. सगळे तिथे थांबतात.”

त्यांचा पाय जमिनीला टेकला. हिंचका थांबला.

“हजी वळे छे?” अजून वळते?

“हो.”

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. भिंतीकडच्या फळीकडे बघत बसले. मग टॉवेल उचलून घडी करून ठेवला.

“मने किरीट बोलावे तो आवुं,” ते शेवटी म्हणाले. “तमे नहीं.” किरीटने बोलावलं तर येईन, तुम्ही बोलावून नाही.

म्हणजे सगळं पुन्हा किरीटभाईंवर आलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. बाहेर अर्धवट व्हॉल्वची रांग काचेतून दिसत होती. मी ट्रॉलीचं सांगितलं, शनाभाईंचं सांगितलं. किरीटभाईंनी खुर्ची काचेकडे वळवली. मग म्हणाले ते मी त्या माणसाकडून अपेक्षिलं नव्हतं.

“तांबेभाई, हा कारखाना मी काढला. मशीन मी आणली, गिऱ्हाईक मी आणलं. पण या दारातून कोणी आत येत नाही. सगळे तिथे थांबतात. रोज मी काचेतून बघतो, लोक थांबतात, हसतात, बोलतात, आणि माझ्याकडे आले की टोपी काढल्यासारखे उभे राहतात. मला वाटलं, तो झोपाळा गेला की इथे येतील.”

“आले?”

“तुम्ही आलात,” ते म्हणाले.

 मोटाभाईंना कुठे बसावं तो प्रश्न होता, आणि काचेआड बसलेल्या या माणसालाही तोच. मला आईच्या डब्यातले दोरे आठवले. दोन माणसांमधला दोरा मी फळीवर कधी ताणलाच नव्हता.

दिघेसाहेबांनी मार्ग काढला. आमच्या धंद्यात चूक झाली असं कधी लिहीत नाहीत. ‘दुसरा टप्पा’ लिहितात. त्यांनी मला दुसऱ्या टप्प्याचा रिपोर्ट लिहायला बसवलं. झोपाळा परत लावा, असं साध्या शब्दांत लिहिण्याची माझी हिंमत होईना, म्हणून मी ‘स्टोअर व जोडणी विभाग यांच्या संगमस्थानी दोन व्यक्तींच्या बैठकीचे समन्वय केंद्र’ असं लिहिलं आणि नकाशात एक आयत काढला. वर्तुळ पुन्हा नको म्हणून आयत.

किरीटभाईंनी वाचलं. “आ तो हींचको छे.”

“हो.”

“दोन व्यक्ती कोण?”

मी दिघेसाहेबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्या बाजूला खिडकी नव्हती, नुसती भिंत होती.

“ते तुम्ही दोघांनी ठरवायचं,” मी म्हणालो.

मोटाभाईंना आणायला किरीटभाई स्वतः गेले. घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या टपावर सागवानी फळी बांधलेली आली, आत मागच्या सीटवर मोटाभाई, आणि गाडी चालवत किरीटभाई. कड्या त्याच चकचकीत पट्ट्यांत बसल्या. मोटाभाई बसले आणि फळीच्या एका टोकाला सरकले. दुसरं टोक मोकळं ठेवलं. किरीटभाई “मने काम छे” म्हणून केबिनमध्ये गेले. तो दिवस गेला, दुसरा गेला. मोटाभाई टोकालाच बसत होते, झोपाळा एका बाजूला तिरका होत होता, तरी मध्ये सरकत नव्हते. मग एका दुपारी मी पाहिलं तर त्या रिकाम्या टोकाला किरीटभाई बसले होते. पाय अवघडून, शाळेतल्या बाकावर बसल्यासारखे. शनाभाई थांबले आणि काहीतरी बोलले. मोटाभाईंनी उत्तर दिलं नाही. नुसतं धाकट्याकडे बघितलं. मग धाकट्याने उत्तर दिलं.

ऑर्डरची शेवटची गाडी निघाली तेव्हा गिऱ्हाइकाचा बंद सुरू झालेला होता, पण संपलेला नव्हता. माल बसला. पुढच्या वर्षी त्यांना विचारणा झाली.

ती गाडी भरली त्या दिवशीही मी तिथे होतो. मनात फार खूश होतो. आणि खूश झालेला सल्लागार जे करतो तेच मी करत होतो. मनातल्या मनात त्याची पद्धत बनवत होतो. प्रत्येक कारखान्यात मोक्याच्या जागी झोपाळा. साबणवाल्याकडे एक, औषधवाल्याकडे एक. नाव काय द्यावं, एवढंच ठरायचं होतं.

फाटकापाशी गाडीपुढे नारळ फोडायचा होता. दोघे भाऊ उठले. जाता जाता मोटाभाईंनी फळीवर हात थोपटला. “बेसो, तांबेभाई. जरा साचवजो.” बसा, जरा सांभाळा.

तोवर मी त्या झोपाळ्यावर कधी बसलो नव्हतो. बसलो. फळी गुळगुळीत आणि उबदार होती. तिथून स्टोअर दिसत होतं, लेथ दिसत होत्या, जोडणी दिसत होती. मी पाय जमिनीला लावून अगदी मोटाभाईंसारखा हलका झोका घेतला. ट्रॉली आली. मी पाय टेकून थांबलो, तिने वळसा घातला, मी पाय सोडला. सगळं जमत होतं.

स्टोअरमधून शनाभाई बाहेर आले. सवयीने झोपाळ्यापाशी त्यांचा पाय मंद झाला, तोंड उघडलं. मी मान थोडी तिरकी केली, मोटाभाई करत तशी.

“केम छो, शनाभाई? शुं चाले छे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“कंई नहीं, साहेब,” ते म्हणाले. “ते आले की येतो. कामाचं बोलायचं होतं.”